हृदयाचा कासरा एकदम सोडू नका



रोवणीचे दिवस आले की आपल्याकडे दुखणे अंगावर काढण्याची जणू चढाओढच लागते. मोहाडी तालुक्यातील करडीसारख्या एखाद्या गावातले घर डोळ्यांपुढे आणा. पऱ्हे उपटून झाले आहेत, बांध्यांत चिखल तयार आहे, रोवणाऱ्या बायांना उद्याचा शब्द दिलेला आहे. साठी ओलांडलेले घरधनी पहाटेपासून धुऱ्यावर उभे. गेल्या साली त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला. तेव्हापासून डॉक्टरांनी ज्या गोळ्या दिल्या, त्यांत एक अगदी लहानशी पांढरी गोळी रोज सकाळची आहे. सोमवारी पट्टी संपली. घरच्या माउलीने आठवण केली, "अजी, गोळ्या सरल्या ना!" त्यावर उत्तर मिळाले, "चार दिस नाही घेतली तं काय होते? मले तं काहीच त्रास नाही. रोवणी झाली का आणू."

चौथ्या दिवशी दुपारी त्यांची छाती धडधडू लागली. दरदरून घाम सुटला. छातीवर कुणी धानाचे पोते ठेवावे तसे दडपण आले. मग धावपळ, गाडी, दवाखाना. चार दिवसांच्या रोवणीपायी जिवावरचे संकट ओढवले.

हे घर कल्पनेतले आहे. पण असे घर आपल्या आळीत नाही, असे छातीठोकपणे कोण सांगेल? ही लहानशी गोळी 'बीटा ब्लॉकर' नावाच्या औषधांपैकी आहे. ती काय करते, कुणी घ्यावी, कुणी घेऊ नये आणि मुख्य म्हणजे ती एकदम का सोडू नये, हे आज आपण पाहू.

गोळी करते तरी काय?

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपी घातल्यासारखी एकेक छोटी ग्रंथी असते. वाटेत साप आडवा गेला, बैल शिंगे रोखून अंगावर आला, की या ग्रंथी ॲड्रिनलिन नावाचा रस रक्तात सोडतात. मज्जातंतूंच्या टोकांतूनही तसाच रस सुटतो. हृदयाच्या पेशींवर कुलपासारख्या बारीक जागा असतात. हा रस म्हणजे त्या कुलपांची किल्ली. किल्ली लागली की हृदय भराभर आणि जोराने धडधडू लागते, रक्तदाब वाढतो, हातापायांत बळ येते व माणूस पळून जीव वाचवतो. देवाने केलेली सोय उत्तमच आहे.

पण ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या आहेत, त्याला ही धावपळ परवडत नाही. हृदय जितके जोराने धावेल तितका त्याला प्राणवायू जास्त लागतो, आणि अरुंद वाहिनीतून तो पुरेसा पोचत नाही. मग छातीत दुखू लागते.

बीटा ब्लॉकर गोळीतले औषध त्या कुलपांत आधीच जाऊन बसते. कुलूप उघडत नाही, पण भोक बुजते. ॲड्रिनलिनची किल्ली आली तरी तिला पुरती जागा मिळत नाही. त्यामुळे हृदय संथ चालते, त्याचा जोर बेताचा राहतो, रक्तदाब उतरतो आणि हृदयाची प्राणवायूची गरज कमी होते. उधळणाऱ्या बैलाचा कासरा हाती धरून ठेवावा, तसे हे काम आहे. बैल बांधून घातलेला नाही. तो चालतो, काम करतो, फक्त उधळत नाही.

ही गोळी रक्तवाहिनीतला अडथळा काढीत नाही आणि अंगात ताकदही भरीत नाही. तेव्हा "गोळी घेऊन जोर आला नाही" अशी तक्रार करण्यात अर्थ नाही.

गुरांच्या डॉक्टरांच्या कॉलेजातून निघालेली कल्पना

शरीरात अशी दोन तऱ्हेची कुलपे असावीत, हे १९४८ साली अहलक्विस्ट या अमेरिकन शास्त्रज्ञाने मांडले. त्यांना त्याने आल्फा व बीटा अशी नावे दिली. त्यावरून पुढचा विचार केला तो स्कॉटलंडच्या जेम्स ब्लॅक या डॉक्टरने. आपल्याला कौतुक वाटावे अशी गोष्ट म्हणजे हे गृहस्थ त्या वेळी ग्लासगो शहरातल्या गुराढोरांच्या डॉक्टरांच्या कॉलेजात शिकवीत असत.

त्या काळी छातीत दुखणाऱ्या रोग्याच्या हृदयाला रक्त जास्त कसे पोचवावे, याच्या मागे सगळे लागले होते. ब्लॅक यांनी उलटा विचार केला. तलावात पाणीच कमी असेल तर कालवा रुंद करून काय उपयोग? त्यापेक्षा पिकाची तहान कमी करता आली तर? हृदयाचे कामच थोडे हलके करावे, म्हणजे आहे त्या रक्तात भागेल. त्यातून १९६४ च्या सुमारास 'प्रोप्रानोलॉल' हे औषध पुढे आले. या व अशाच दुसऱ्या मोठ्या कामाबद्दल १९८८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आज ही औषधे हृदयाची गती बिघडली असता, छातीत दुखत असता, झटक्यानंतर, हृदय अशक्त झाले असता देतात. थायरॉइड ग्रंथीचे काम वाढून धडधड होते तेव्हा, हात कापत असता, वारंवार अर्धशिशी होत असता, तसेच यकृत खराब होऊन अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्या असता, त्यांतून रक्तस्राव होऊ नये म्हणूनही देतात. म्हणजे एकच गोळी एका घरात सासऱ्याला हृदयासाठी आणि सुनेला डोकेदुखीसाठी चालू असू शकते.

'बीपीची गोळी' म्हणजे नेमकी कोणती?

आपल्याकडे सगळ्या गोळ्यांना एकच नाव: बीपीची गोळी. येथेच मोठा घोटाळा होतो.

आपल्या भंडारा जिल्ह्याला या बाबतीत सांगण्यासारखी गोष्ट आहे. उच्च रक्तदाब गावपातळीवर ताब्यात आणण्यासाठी 'भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम' नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झाला. महाराष्ट्रातून सुरुवातीला जे जिल्हे घेतले त्यांत सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा यांच्याबरोबर भंडाराही होता. रक्तदाब मोजायचा, ठरलेल्या पायऱ्यांनी औषध द्यायचे, गोळ्यांचा साठा संपू द्यायचा नाही आणि रोगी आला नाही तर त्याची विचारपूस करायची, अशी त्याची साधी रीत. २०२२ साली या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला.

या उपक्रमात नुसत्या रक्तदाबासाठी सहसा ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन अशा गोळ्या देतात. त्या बीटा ब्लॉकर नव्हेत. पूर्वी नुसत्या रक्तदाबाला अटेनोलॉल ही बीटा ब्लॉकर गोळी सर्रास दिली जाई. आता पहिल्या पायरीला दुसऱ्या गोळ्या बऱ्या, असे पुष्कळ डॉक्टर मानतात. २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीतून अटेनोलॉल काढले गेले. याचा अर्थ ते विष झाले असा नव्हे. आपल्याला ती गोळी चालू असेल तर स्वतः बंद करू नका. पुढच्या खेपेला डॉक्टरांना एवढेच विचारा, "साहेब, मला हीच ठेवायची का?"

ओळखण्याची खूण सोपी आहे. या गोळ्यांच्या औषधी नावाच्या शेवटी बहुधा 'लॉल' येते. प्रोप्रानोलॉल, अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, कार्वेडिलॉल. कंपनीचे नाव वेगळे असले तरी पट्टीवर बारीक अक्षरात औषधाचे खरे नाव छापलेले असते. काही गोळ्यांत दोन औषधे एकत्र असतात, तेव्हा दोन्ही नावे वाचा. नातवाला वाचता येते, त्याच्याकडून वाचून घ्या आणि आरोग्याच्या वहीत लिहून ठेवा.

शेजाऱ्याची गोळी उसनी घेण्याची रीत मात्र आजपासून बंद. तेल, मीठ, बियाणे उसने चालते. गोळी चालत नाही. शेजाऱ्याची 'बीपीची गोळी' बीटा ब्लॉकर असली आणि तुम्हाला दमा असला, तर ती उसनवारी महागात पडेल.

एकदम का सोडू नये?

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. महिनोन्महिने कुलपे बुजलेली राहिली की शरीर स्वस्थ बसत नाही. ॲड्रिनलिनचे म्हणणे ऐकू यावे म्हणून ते कुलपांची संख्या वाढवते. गोळी चालू आहे तोवर हे आपल्याला कळत नाही. पण एके दिवशी गोळी बंद केली की वाढलेली सगळी कुलपे उघडी पडतात, आणि नेहमीएवढ्याच ॲड्रिनलिनने हृदय दुप्पट दचकते. नाडी धावते, रक्तदाब चढतो, छातीत दुखते, कधी झटकाही येतो. ज्यांना आधीच हृदयविकार आहे त्यांना हा धोका सर्वांत जास्त. त्यातही भर उन्हात, चिखलात कंबर मोडून काम चालू असेल तर विचारायलाच नको.

ताणलेला कासरा एकदम सोडला तर बैल उधळणारच. तो हळूहळू सैल करावा लागतो. दुखणे हत्तीच्या पायाने येते आणि मुंगीच्या पायाने जाते, असे आपण म्हणतो. ही गोळीही मुंगीच्या पायानेच काढावी लागते. डॉक्टर एक-दोन आठवड्यांत, कधी त्याहून हळू, मात्रा उतरवीत आणतात.

ही गोळी सर्वांनाच जन्मभर लागते असे नाही. झटक्यानंतर ज्यांच्या हृदयाचा जोर चांगला राहिला आहे, अशा काहींना ती किती वर्षे द्यावी याचा अलीकडच्या अभ्यासांमुळे डॉक्टर नव्याने विचार करतात. तेव्हा गोळी सुटण्याची आशा जरूर धरा, पण सोडवणारा हात डॉक्टरांचा असू द्या.

म्हणून पट्टीत सात गोळ्या उरल्या की नवी पट्टी आणायची, हा घरचा नेम करा. रोवणी, कापणी, लग्नसराई, मंडई यांच्या आधी साठा मोजा. पावसाळ्यात नाल्याला पूर येऊन वाट बंद होते, त्या दिवसांत पंधरा दिवसांच्या गोळ्या घरी जास्त असाव्यात. सरकारी आरोग्य केंद्रात व उपकेंद्रात विचारा. मिळणाऱ्या गोळ्यांत आपली गोळी नसेल तर आधीच कळेल आणि वेळेवर दुसरी तजवीज करता येईल.

कुणी डॉक्टरांना आधी सांगावे?

दमा असलेल्यांनी सर्वांत आधी. हृदयावर असतात तशीच कुलपे श्वासनळ्यांतही असतात. ती बुजली की श्वासनळ्या आवळतात. काही गोळ्या मुख्यतः हृदयाच्याच कुलपांत बसतात, तरी निवड डॉक्टरांनी करायची आहे. बिडीमुळे छाती खराब झालेल्यांनीही हे सांगावे. डोळ्यांत काचबिंदूसाठी टाकायचे टिमोलॉलचे थेंबसुद्धा याच जातीचे आहेत. डोळ्याच्या औषधाचा छातीशी काय संबंध, असे म्हणून ते लपवू नका.

मधुमेह असलेल्यांनी. साखर एकदम उतरली की हात थरथरतात, छाती धडधडते आणि आपण गूळ-साखर तोंडात टाकतो. बीटा ब्लॉकर ही धडधड आणि थरथर झाकून टाकते. घाम मात्र सुटतोच. म्हणून इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी चालू असताना कारणाशिवाय घाम फुटला, भूक लागून गोंधळल्यासारखे झाले, तर साखर तपासा. तपासण्याची सोय नसेल तर लगेच साखर खा. एकादशीचे व नवरात्रीचे उपवास डॉक्टरांना विचारून करा.

ज्यांची नाडी मुळातच मंद आहे, ज्यांच्या पायांत रक्त कमी पोचते, ज्या बाया गरोदर आहेत किंवा अंगावर पाजतात, त्यांनीही सांगावे. व्हेरापामिल किंवा डिल्टियाझेम ही औषधे चालू असतील तर दोन्हींनी मिळून हृदय फार मंद होऊ शकते. सर्दीच्या काही गोळ्या आणि अंगदुखीच्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या रक्तदाब वाढवतात. रोवणीत कंबर धरली म्हणून दुकानातून परस्पर गोळी आणू नका.

शेतावरच्या चार गोष्टी

पहिली गोष्ट चक्करीची. गोळी नवी असताना किंवा मात्रा वाढवली असता बसल्याचे एकदम उठू नका. खाटेवरून उठताना आधी पाय खाली सोडून मिनिटभर बसा. ते काही दिवस झाडावर चढणे, विहिरीच्या काठावर वाकणे, ट्रॅक्टर चालवणे टाळा. थकवा, हातपाय गार पडणे हेही सुरुवातीला होते व बहुधा कमी होते. ओकाऱ्या, जुलाब होऊन अंगातले पाणी गेले असेल तर डॉक्टरांना विचारा. मोहाची दारू या गोळीच्या जोडीला मुळीच नको.

दुसरी गोष्ट फवारणीची. काही कीटकनाशके अंगात गेली की हृदय मंद करतात आणि श्वासनळ्या आवळतात. गोळीही त्याच दिशेने ओढते. घरात दुसरा माणूस असेल तर फवारणी त्याने करावी. विषबाधा होऊन दवाखान्यात नेताना औषधाच्या डब्याबरोबर या गोळीचे नावही सांगा.

तिसरी गोष्ट मधमाश्या व साप. माश्या चावून किंवा सापाच्या विषावरची लस टोचल्यावर एखाद्याच्या अंगावर गांधी उठतात, श्वास कोंडतो, रक्तदाब पडतो. तेव्हा डॉक्टर ॲड्रिनलिनचेच इंजेक्शन देतात. कुलपे बुजलेली असली तर त्याचा गुण कमी येऊ शकतो आणि डॉक्टरांना दुसऱ्या औषधाची जोड द्यावी लागते. लस घ्यायला मुळीच कचरू नका, ती जीव वाचवते. फक्त "याला बीटा ब्लॉकर चालू आहे" हे वाक्य बरोबरच्या माणसाला पाठ असावे. शस्त्रक्रियेपूर्वी भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही हेच सांगा आणि त्यांनी सांगितल्याशिवाय गोळी बंद करू नका.

चौथी गोष्ट घरातल्या लेकरांची. मोठ्यांना औषध असलेली ही गोळी लहान मुलाच्या पोटात गेली तर त्याचे हृदय मंद होते व साखर उतरते. पट्टी उशीखाली, खिडकीत किंवा देवळीत ठेवू नका. कुलूप असलेल्या पेटीत ठेवा.

नाडी मोजायला शिका

पाच मिनिटे शांत बसा. तळहात वर करून अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दुसऱ्या हाताची दोन बोटे हलकेच टेकवा. अंगठा लावू नका, त्याचे स्वतःचे ठोके लागतात. घड्याळात अर्धा मिनिट ठोके मोजा आणि दुप्पट करा. गोळी चालू असताना नाडी साठीच्या आसपास, थोडी खालीही असू शकते. ती पन्नासच्या खाली वारंवार दिसली तर डॉक्टरांना दाखवा. मंद नाडीबरोबर चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, धाप, पायांवर वाढती सूज असेल तर त्याच दिवशी जा. माणूस बेशुद्ध पडला, छातीत दडपण आले किंवा श्वास कोंडला तर वाट पाहू नका, १०८ ला फोन करा.

वाचकांना पडणारे तीन प्रश्न

*सकाळची गोळी विसरली तर?* आठवेल तेव्हा घ्या. पण पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर विसरलेली सोडून द्या. दोन एकदम घेऊ नका.

*गोळी कुटून घेतली तर चालेल का?* काही गोळ्या पोटात हळूहळू विरघळाव्यात म्हणून केलेल्या असतात. त्या चावू किंवा कुटू नयेत, नाहीतर दिवसभराचे औषध एकदम अंगात जाते. अर्धी करायची असेल तर आधी विचारा.

*रक्तदाब आता बरोबर आहे, मग गोळी कशाला?* बैल शहाण्यासारखा चालतो आहे तो कासऱ्यामुळे. कासरा नको असे बैलाला वाटेल. गाडीवानाने तसे वाटून घेऊ नये.

कापून घरात लावावे असे

१. माझ्या गोळीचे खरे नाव मला माहीत आहे आणि ते वहीत लिहिले आहे.
२. रोज एकाच वेळी घेतो. सात उरल्या की नवी पट्टी आणतो.
३. स्वतःहून बंद करीत नाही, वाढवीत नाही, कुणाला उसनी देत नाही.
४. दमा, मधुमेह, मंद नाडी, डोळ्यांचे थेंब यांविषयी डॉक्टरांना सांगितले आहे.
५. साप, मधमाशी, फवारणी, शस्त्रक्रिया: प्रत्येक वेळी गोळीचे नाव सांगायचे.

माउल्यांनो, घरातल्या पुरुषमाणसाला धानाच्या भावाची आठवण द्यावी लागत नाही, गोळीची द्यावी लागते. ती देताना संकोच करू नका. आणि तुमची स्वतःची गोळी चालू असेल तर सगळ्यांचे जेवण होईपर्यंत ती मागे ठेवू नका. रोवणी दरसाल येते. रोवणी करणारे हात घरात धडधाकट असले पाहिजेत.